खुर्चीखालची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. जन्माने सोलापूरची, वळणाने चिंचवडची आणि गेली पंधरा वर्षे मुक्काम पोस्ट बुकित बातोक, सिंगापूर. रंग लाल-निळा, पट्ट्यापट्ट्यांचा. त्यातला लाल आता विटकरी झाला आहे आणि निळ्याविषयी न बोललेलेच बरे. या घरातली तेरा वर्षांची ऋता मला ‘कार्पेट’ म्हणते. मी तिला माफ केले आहे. बिचारीचा जन्म इथला.

मित्रांनो, मी हातमागावर विणली गेले. जाड सुती धागे, उभे आणि आडवे, आणि ते ठोकून ठोकून घट्ट बसवणारे एक आजोबा. ते विणताना फारसे बोलत नसत. फक्त एखादा धागा तुटला की “तुटलास का? ये, परत ये,” म्हणत आणि गाठ मारून पुढे जात. माझ्या अंगावर अशा अकरा गाठी आहेत. वरून दिसत नाहीत, पण मला माहीत आहेत.

चिंचवडला एका प्रदर्शनातून शैलाबाईंनी मला घरी आणले ते त्यांच्या मुलासाठी, विवेकसाठी. विवेक तेव्हा आठ वर्षांचा होता आणि नुकताच तबला शिकायला लागला होता. घरातली शहाबादी फरशी थंडीत गार पडायची. पोराला सर्दी होऊ नये म्हणून माझी खरेदी झाली. विवेक माझ्यावर मांडी घालून बसायचा आणि तासन् तास एकच बोल घोटायचा. त्याचे गुरुजी रविवारी यायचे. मोठे शिस्तीचे गृहस्थ होते. “बैठक मोडली की बोल मोडतो,” असे ते म्हणायचे, आणि विवेकने जरा पाय पसरला की त्यांची काठी आधी माझ्यावर आपटायची. मी त्यांचा राग कधी धरला नाही. उलट मला अभिमान वाटायचा, की या पोराची बैठक म्हणजे मीच.

विवेक मोठा झाला, स्पर्धांत वाजवू लागला, बक्षिसे आणू लागला. गणेशोत्सवात दोन-दोन तास तो मांडी न मोडता साथ करायचा. लोक म्हणायचे, “काय बैठक आहे मुलाची!” ते कौतुक मी निम्मे माझ्या खाती जमा करून घेत असे. पुढे तो इंजिनियर झाला, क्षिप्राशी लग्न केले आणि नोकरीसाठी सिंगापूरला निघाला. तेव्हा काय न्यायचे यावर घरात मोठी चर्चा झाली. पलंग, कपाट, पितळी घंगाळ सगळे मागे राहिले. मी मात्र चार घड्या घालून सुटकेसच्या तळाशी आडवी झाले आणि समुद्र ओलांडून आले.

इथे आल्यावर पहिली काही वर्षे बरी गेली. नंतर मात्र विवेक मॅनेजर झाला आणि माझे दिवस फिरले. सकाळी बुओना व्हिस्टाचे ऑफिस, संध्याकाळी पुण्यातल्या लोकांशी कॉल, दिवसभर चाकांची खुर्ची. तबला कपाटावर गेला आणि मी शेल्टरमध्ये. इथल्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक छोटी खोली असते, तिला शेल्टर म्हणतात. सरकारने ती संकटात जीव वाचवायला बांधून दिली आहे. लोकांनी तिच्यात सुटकेसी, जुने पंखे आणि दिवाळीचे कंदील भरून ठेवले आहेत. त्या सगळ्यांबरोबर मी सात वर्षे काढली. वाईट वाटायचे. कंदील तरी वर्षातून एकदा बाहेर जायचे.

मागच्या वर्षी ऑफिसच्या बॅडमिंटनमध्ये विवेकने पंचविशीतल्या पोरांशी बरोबरी करायला उडी मारली आणि डावा गुडघा धरून खाली बसला. गुडघ्यातली गादी थोडी फाटली होती. ऑपरेशनची गरज नाही, पण वजन कमी करा आणि मांड्यांचे स्नायू बळकट करा, असे डॉक्टरांनी सांगितले. विवेकने मान डोलावली आणि लिफ्टने घरी आला. यापलीकडे वर्षभर काही झाले नाही.

मग या जूनमध्ये एक बातमी आली. नीलिमा नावाच्या बाई इथल्या मराठी मुलांना गाणे शिकवतात आणि दरवर्षी दिवाळी पहाट करतात. त्यांनी ऋताला या वर्षी एकटीने अभंग गायला सांगितले होते. तिची स्टेजवरची पहिलीच वेळ. ऋता घरात शिरली ती ओरडतच.

“बाबा! मला सोलो मिळालं! आणि तबला तू वाजवणार. यू प्रॉमिस्ड, ला.”

शेवटचे ‘ला’ हे इथल्या इंग्रजीचे शेपूट, पण बाकी सगळे खरे होते. ती सहा वर्षांची असताना विवेकने तिला शब्द दिला होता, की तू पहिल्यांदा स्टेजवर गाशील तेव्हा ठेका माझा. मुले असल्या गोष्टी विसरत नाहीत, हे मोठ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

त्या दिवशी लोखंडी दार उघडले. क्षिप्राने मला बाहेर काढले, गॅलरीत वाळत घातले आणि हॉलमध्ये अंथरले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सात वर्षांनी माझ्यावर तबला आला, चुंबळीवर बसला, आणि विवेक हळूहळू, टेबलाला धरून, खाली टेकला. त्याने मांडी घातली आणि लगेच सोडली. चेहरा पांढरा पडला होता.

“दुखतंय ना? मग खुर्चीवर बसून वाजव,” क्षिप्रा म्हणाली.

“खुर्चीवर तबला? गुरुजी असते तर घराबाहेर काढलं असतं त्यांनी मला. दिवाळीला पाच महिने आहेत. तोपर्यंत दोन तास मांडी घालून दाखवतो.”

“अरे, एका अभंगाला दहा मिनिटं लागतात. दोन तास कशाला?”

“वाजवायचं तर पूर्ण कार्यक्रम. पूर्वी वाजवायचो तसा. मोडेन पण वाकणार नाही!”

मित्रांनो, हे वाक्य मी मराठी घरांत फार वेळा ऐकले आहे. ते म्हणताना माणसाची छाती फुगते. गुडघ्याला मात्र कोणी विचारत नाही.

विवेकने तक्ता केला. ऑफिसात प्रोजेक्टचा करतात तसाच, रंगीत रकान्यांचा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे मांडी, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पंधरा. वजन दर महिन्याला दोन किलो कमी. रोज सकाळी सहाला, एकही दिवस खंड नाही. तक्ता फ्रिजवर चिकटला. ऋता रोज त्यावर बरोबरची खूण करायची. तिच्या दृष्टीने ती खूण म्हणजे दिवाळी एक दिवस जवळ आली.

आता माझी चूकही कबूल करते. विवेक माझ्यावर बसला की त्याचे वजन डावीकडून उजवीकडे सरकायचे. डावी बाजू तो उचलून धरायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याची बोटे माझ्या कडेला घट्ट रुतायला लागली. चौथ्या आठवड्यात उठताना तो श्वास रोखायचा आणि घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खोकला काढायचा. हे कोणाला कळत नव्हते, पण मला कळत होते. तरीही मी मनात म्हणत होते, बस बाबा, अजून थोडा वेळ बस. कारण तो बसला तर मी हॉलमध्ये आणि तो उठला तर मी पुन्हा शेल्टरमध्ये. स्वार्थ माणसांनाच असतो असे नाही.

सहाव्या आठवड्यात तक्त्यावर तीस मिनिटे होती. विवेकने बरे वाटतेय म्हणून पस्तीस केली. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! पस्तिसाव्या मिनिटाला गजर वाजला, पण तो उठू शकला नाही. गुडघा सुजून टम्म झाला होता. क्षिप्राने एका बाजूने आणि ऋताने दुसऱ्या बाजूने धरून त्याला सोफ्यावर नेले. ऋता रडत होती. विवेक तिला म्हणत होता, “काही नाही गं, मुंग्या आल्यात.” मुंग्या आल्यावर कोणी असे विव्हळत नाही, हे तिलाही समजत होते.

जॉयस नावाच्या फिजिओथेरपिस्टने गुडघा पाहिला आणि सहा आठवडे मांडी पूर्ण बंद केली. मग तिने दुसरे काहीतरी सुचवले. आठवड्यातून दोनदा पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालायचे. रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचे-बसायचे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा. बस्स. विवेक घरी आला तो चिडूनच.

“पाण्यात चालायचं म्हणे! मी काय म्हैस आहे डुंबायला? आणि खुर्चीवर उठ-बस हा काय व्यायाम झाला? शाळेत शिक्षा म्हणून करायचो आम्ही.”

त्याने फ्रिजवरचा तक्ता फाडला. मला वाटले, आता नवा करेल. पण त्याने रत्नदीपला फोन लावला. रत्नदीप हा इथल्याच एका संशोधन संस्थेत काम करणारा तरुण, तबल्यावर हात तयार असलेला. विवेकने त्याला सांगितले, की यंदा पूर्ण पहाट तूच वाजव, ऋताचा अभंगसुद्धा. फोन ठेवून त्याने टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोणी उठले नाही. त्या आठवड्यात ऑफिसातून येताना खालच्या हॉकर सेंटरमधून तळलेले नूडल्स तीनदा आले. ये रे माझ्या मागल्या.

विवेक आळशी नव्हता, मित्रांनो. त्याचे दुखणे वेगळे होते. ठरवलेले तसेच्या तसे होत नसेल, तर त्याला त्यातला तुकडा नको असायचा. सगळे किंवा काहीच नाही. असे हट्टी लोक दिसायला निश्चयी वाटतात, पण पहिल्या अडचणीला तेच आधी घरी बसतात. मी त्रेचाळीस वर्षे लोकांच्या बुडाखाली काढली आहेत, म्हणून एवढे बोलते.

ऋता मात्र माझ्यावर बसून रियाझ करत होती. समोर फोन ठेवायची. त्यातला तबला कधी दमत नाही, कधी चुकत नाही आणि कधी मान वर करून तुमच्याकडे पाहतही नाही. एका शनिवारी दुपारी ती गात होती आणि विवेक सोफ्यावर पाय वर ठेवून पडला होता. न राहवून तो म्हणाला, “ऋता, अंतऱ्यात लय पळतेय तुझी. समेवर थांब.”

ऋताने फोनचा तबला बंद केला.

“मग तू वाजव ना.”

“बाळा, तुला माहितीये, मला बसता येत नाही.”

“बाबा, आय ओन्ली आस्क वन थिंग. तुला बसायचंय, की वाजवायचंय?”

ऋताने डोळे पुसले. “रत्नदीपदादा चांगलं वाजवतो. पण मला तो नको होता. मला तू पाहिजे होतास. यू सिट हाऊ, आय डोन्ट केअर, ला.” एवढे बोलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले. ती दार आपटणारी मुलगी नाही. त्या दिवशीही तिने हळूच लावले, आणि त्यामुळे ते जास्तच लागले.

विवेकने आधी माझ्याकडे पाहिले. मग उठून त्याने जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढत आणली आणि ती थेट माझ्या अंगावर ठेवली.

खोटे कशाला सांगू, माझा संताप झाला. त्रेचाळीस वर्षांची मी बैठक, आणि माझ्यावर चार लाकडी पाय? पण पुढे जे झाले ते पाहून मी गप्प बसले. विवेकने खालच्या दुकानातून दोन बुटकी लाल प्लास्टिकची स्टुले आणली. एकावर तबला, दुसऱ्यावर डग्गा, खाली चुंबळी. वाजवायला गेला तर गुळगुळीत फरशीवर स्टुले पळायला लागली. त्याने मला दुहेरी घडी घातली आणि सगळा संसार माझ्यावर मांडला. खुर्ची हलेना, स्टुले सरकेनात. मग माझ्या ध्यानात आले, की माझे काम विवेकला मांडी घालायला लावणे हे कधीच नव्हते. तो वाजवत असताना खालचे काही घसरू न देणे, एवढेच ते होते. ते काम तर चालूच होते.

पहिले चार दिवस हात चुकत होते. उंची वेगळी, कोपर वेगळे. विवेक स्वतःवर चिडायचा, मग ऋताकडे पाहून पुन्हा सुरू करायचा. त्याने रत्नदीपला पुन्हा फोन केला आणि मनापासून माफी मागितली. ठरले असे, की पहाट रत्नदीपच वाजवेल, फक्त ऋताचा अभंग विवेकचा.

आणि फ्रिजवर नवा कागद आला. तो ऋताने लावला होता. त्यात रकाने नव्हते. वर तिने लिहिले होते, ‘टुडे व्हॉट कॅन?’ म्हणजे आज काय जमेल? विवेक रोज त्याखाली एक ओळ लिहायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी तो तलावावर जाऊन खरोखर म्हशीसारखा पाण्यात चालायचा. तिथे त्याच्याबरोबर चालणाऱ्या चिनी आजीबाई त्याला मागे टाकून पुढे जातात, असे तो घरी येऊन सांगायचा आणि तिघेही हसायचे. इथे विजा चमकल्या की तलाव बंद करतात. असे झाले की पूर्वीचा विवेक म्हणाला असता, खंड पडला, आता काय उपयोग. हा विवेक घरी येऊन खुर्चीवर दहा उठाबशा काढायचा. कॉल लांबला तर कॉलमध्येच टेबलाखाली पाय सरळ करून धरायचा. एखाद्या दिवशी कागदावर नुसतेच ‘झोपलो’ असे असायचे. आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली पुन्हा नवी ओळ असायची. माझ्या मते त्या साऱ्या कागदात तीच ओळ सगळ्यात अवघड होती.

दिवाळीपर्यंत वजन चार किलो उतरले. ठरले होते दहा. कोणी रडले नाही.

दिवाळी पहाटेला मी घडी होऊन, विवेकच्या खांद्यावरून, कार्यक्रमाच्या हॉलवर गेले. नीलिमाबाईंनी स्टेजवर पांढरीशुभ्र गादी अंथरली होती. तिच्यावर रत्नदीप मांडी घालून ऐटीत बसला होता. ऋताची वेळ आली, तेव्हा बाजूला मला अंथरले आणि माझ्यावर खुर्ची आली. प्रेक्षकांत जरा कुजबुज झाली. विवेकचे तळवे माझ्यावर टेकलेले होते आणि ते ओले होते. लोक काय म्हणतील, ही भीती तळपायांनाही घाम आणते.

ऋता उभी राहून गायला लागली. मुखडा छान झाला. पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्याला तिने श्वास घेतला आणि शब्द आलेच नाहीत. पेटी एकटीच पुढे जात राहिली. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी ओठ हलवून शब्द सुचवले, त्याने ती आणखीच घाबरली. घाबरलेले मूल जे करते तेच तिने केले. कोणाच्या नजरेला नजर नको म्हणून मान खाली घातली.

खाली मी होते, आणि माझ्यावर तिच्या बाबाचा उजवा पाय होता.

तो पाय ठेका धरत होता. मला त्याचा भार मोजून जाणवत होता. सात मात्रा हलक्या आणि समेला टाच घट्ट. पुन्हा सात हलक्या, पुन्हा सम. मांडी घातली असती तर हा पाय दुमडून डग्ग्यामागे गेला असता. ऋता त्याच्याकडे पाहत राहिली. विवेकने तबल्याचा आवाज थोडा कमी केला आणि पायाचा ठेका जरा मोठा केला. एक आवर्तन गेले, दुसरे गेले. तिसऱ्या समेवर टाच माझ्यात रुतली आणि ऋताने बरोबर तिथेच अंतरा उचलला, शब्द न चुकता, शेवटपर्यंत. टाळ्यांचे मला फारसे कळले नाही. पण अभंग संपल्यावर ऋता माझ्यावर गुडघे टेकून त्याच्या गळ्यात पडली, एवढे कळले. त्रेचाळीस वर्षांत माझ्यावर बरेच वादन झाले. त्या सकाळी तो वाजवत होता तेव्हा मला झाले तेवढे समाधान पूर्वी कधी झाले नव्हते.

आता मी शेल्टरमध्ये नसते. विवेक जॉयसला विचारून रोज दोन मिनिटे माझ्यावर पाय पसरून बसतो आणि एक गुडघा हळूहळू दुमडून पाहतो. कधी जमेल तेवढा दुमडतो, कधी नाही. मांडी पुन्हा जमेल का, ते मला माहीत नाही. त्यालाही नाही.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. शरीर कमवायचे जरूर ठरवा. धावा, पोहा, नमस्कार घाला. पण एखाद्या दिवशी पाय नाही म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका आणि रुसून घरीही बसू नका. आज काय जमेल, एवढे त्याला प्रेमाने विचारा. तुमचीही वाट पाहणारे कोणीतरी स्टेजवर उभे असते. तुम्ही कसे बसला आहात, हे ते पाहत नाही. तुम्ही आलात का, एवढेच पाहते.